रोयण

वाळवी ही झुरळांच्याच कुळातली,
असं मी फळ्यावर लिहिलं
आणि मागच्या बाकावरून सुलक्षा गांवस म्हणाली,
"टीचर, म्हणजे तुम्ही आयतारी
झुरळांच्या घरापुढे नारळ फोडता?"

वर्ग हसला. मीही हसले.
वाळपईत सगळ्यांना ठाऊक आहे
की यंदा सातेरीची पाळी आमच्या घराकडे,
की आमच्या देवीला नाक-डोळे नाहीत,
गाभाऱ्यात नुसती तांबड्या मातीची रोयण,
माझ्या खांद्याएवढी,
तिला साडी नेसवतात, आबोलीचे वळेसर माळतात
आणि वर पितळी मुखवटा.
घंटा झाली. उत्तर राहिलं.

स्टाफरूममध्ये बेनविंदा मिस डबा उघडत म्हणाली,
"माझ्या कपाळावर दर वर्षी पाद्री राख लावतो,
माती आहेस, मातीत जाशील म्हणतो,
आणि अकरा वाजता मी पोरांना कार्बन शिकवते.
मला कधी अडलं नाही."
मग भातावर सुंगटांची कढी ओतताना,
"अडलं असतं तर काय केलं असतं, देव जाणे."

मलाही झुरळापाशी अडत नाही.
आईच्या आईच्या आईमागून
चालत गेलं तर अंगभर केस लागतात, शेपूट लागतं,
पुढे कल्ले.
लागू देत. पाहुण्यांना आमच्याकडे जागा आहे.
मला अडतं ते ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी,
रोयणीच्या भोकांतून पंख फुटलेल्या वाळव्या
धुरासारख्या उठतात
आणि पाली, बेडूक, घुबडं, रस्त्यावरचे दिवे
त्यांना जेवून टाकतात.
हजारांतली एखादी जोडी मातीत शिरते.
पुस्तकात याला निवड म्हणतात.
देवळात कृपा.
उरलेल्यांना
दोन्हीकडे शब्द नाही.

माझा भाऊ शाणू उरलेल्यांतला.
आई आणि बाबा, दोघांच्या रक्तात
एकेक वाकडं अक्षर.
त्यानंच पणजोबांना रानातल्या हिवतापातून राखलं असेल.
तेच शाणूला दोन्हीकडून मिळालं
आणि त्याचं रक्त पेजेवरच्या निवळीसारखं होत गेलं.
नवव्या वर्षी गेला.
आईनं नवस केला होता.
मी कॉलेजात गेल्यावर त्या अक्षराचं नाव शिकले.
नाव कळलं तशी राग थोडा उतरला.
कुणावरचा, ते अजून सांगता येत नाही.

काल पुरसो गुरव मुखवटा उतरवून घासत होता.
"पुरसोबाब, हिला कुणी केली?"
"वाळवीनं," तो म्हणाला, चिंच चोळत.
"आणि वाळवीला?"
त्यानं मुखवटा उजेडाला धरला, एक डाग शोधला.
"आज्याच्या वेळी ही कमरेएवढी होती, बाय.
मुखवट्याची कडी मी दोनदा वर सरकवलीय.
वाढतेय तोवर पुजतो. थांबली तर बघू."

पायरीवर केळीच्या पानात पाच अळमी,
कुणीतरी रानातून आणून ठेवलेली.
माणसानं नांगर धरायच्या कितीतरी लाख वर्षं आधीपासून
याच काळोखात वाळव्या हे पीक घेताहेत,
आणि आम्ही ते त्यांच्याच दारात
नैवेद्य म्हणून आणतो.
मला हसू आलं. मग नाही आलं.
एक वाळवी, आंधळी, तोंडात ओला कण धरून
देवीच्या नसलेल्या गालावर चढली,
कण चिकटवला, परत फिरली.
तेव्हा मी हात जोडले होते
की चष्मा सारखा करत होते,
आठवत नाही.

आज फळ्यावर लिहिलं:
शुक्रवारचा पाचवा तास देवळात.
प्रत्येकानं भिंग आणावं.
चपला बाहेर काढाव्यात.

सुलक्षानं हात वर केला.
"टीचर, हे परीक्षेला आहे?"